शकू सिस्टरचं बोलणं

धरमतरच्या खाडीकाठी महिपती म्हात्रे मिठागरात राबायचा. उभा दिवस खारट पाण्यात पाय, त्यामुळे टाचांना अशा भेगा पडायच्या की त्यांत बोटाचं पेर जावं. संध्याकाळी घरी आला की त्याची मुलगी शकू कोमट पाण्यानं त्याचे पाय धुवायची. भेगांतलं मीठ निघताना बाप कळवळायचा. मग शकू त्याच्याशी बोलत राहायची. आज शाळेत काय झालं, मास्तर काय बोलले, शेजारणीची कोंबडी कुणी पळवली. बाप ऐकत राहायचा आणि पाय धुऊन व्हायचे.

"तुझे तोंडानं अर्धा दुखना जातं गो," तो म्हणायचा.

शकू अलिबागला नर्सिंगचा कोर्स करून आली. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला असलेल्या पुंडलिकशी तिचं लग्न झालं. दोघांनी वरशाला खोली घेतली. तेव्हा वरसे म्हणजे भातशेतीच्या कडेकडेनं उठलेल्या चाळी आणि नव्या बिल्डिंगा. पावसाळ्यात दारापर्यंत चिखल. तिथून रोहा चालत जाण्याच्या अंतरावर. ब्याण्णव साली शकू रोह्यातल्या डॉ. उकिडव्यांच्या हॉस्पिटलात लागली.

हॉस्पिटल खाजगी होतं, पण आसपासच्या खेड्यांना तेच जवळचं. डॉक्टर हुशार, हात हलका. ऑपरेशन करताना त्यांचा हात थरथरलेला कुणी पाहिला नव्हता. पेशंटशी मात्र त्यांचं फारसं जमायचं नाही. ते मोजकं बोलत, तेही पुस्तकातलं. खेड्यातली माणसं मान हलवत आणि ते बाहेर गेले की शकूकडे वळत. "काय म्हनले गो?"

शकू सांगायची. तिच्या सांगण्यात एक पद्धत होती, पण ती कुणी शिकवलेली नव्हती. ती आधी बसायची. उभ्यानं कधी बोलायची नाही. पेशंट काय म्हणतो ते पुरतं ऐकून घ्यायची आणि त्याचाच शब्द परत त्याच्या हातात द्यायची. "पोटात भोवरा फिरतो म्हणता? सकाळी जास्त फिरतो की जेवल्यावर?" माणसाला वाटायचं, हिला कळलं.

वरशाच्या गिरजाबाईची गोष्ट हॉस्पिटलात सगळे सांगत. म्हातारीचा पाय साखरेच्या आजारानं चिघळला होता, पण ती सुई लावू देत नव्हती. "माझ्या सवतीला सुई टोचली नि ती गेली," एवढंच तिचं पालुपद. दुसऱ्या सिस्टरनं हात धरून टोचायचा प्रयत्न केला तर म्हातारी तिला चावली. शकू सुई ट्रेमध्ये ठेवून स्टुलावर बसली.

"सवत कशी होती, आजी?"

गिरजाबाई आधी शिव्या घालू लागली. मग म्हणाली, पण तांदळाची भाकरी तिच्यासारखी कुणाला येत नव्हती. मग डोळे पुसू लागली. शकूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, आता मी टोचणार हाय. सांगितल्याबिगर टोचणार नाय. मी तुमाला फसवणार नाय."

म्हातारीनं दंड पुढे केला.

हे डॉक्टर उकिडव्यांनी दारातून पाहिलं. त्या दिवसापासून अवघड माणूस आला की ते शकूला बोलवू लागले. पाय कापायचा आहे आणि माणूस तयार नाही, बोलवा शकूला. बाळ गेलंय आणि आईला सांगायचंय, बोलवा शकूला. शकूला त्याचा अभिमान वाटायचा. का वाटू नये? ती माणसांशी खरं बोलायची आणि माणसं तिचं ऐकायची. घरी पुंडलिक चिडवायचा, "डॉक्टर कापतो नि तू शिवतेस."

हळूहळू त्या बोलावण्यांची जात बदलली, ते तिच्या लवकर लक्षात आलं नाही. आता ज्या नातेवाइकांना खूप प्रश्न पडायचे, त्यांच्याकडे तिला पाठवलं जाऊ लागलं. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा म्हणून मागणारे. आवाज चढवणारे. "जरा बोल त्यांच्याशी," डॉक्टर म्हणायचे. शकू जाऊन बसायची, ऐकायची, आणि माणूस निवायचा. निवला की प्रश्न विचारायचं विसरायचा. शकूला वाटायचं, आपण त्याचं ओझं हलकं केलं.

चौऱ्याण्णवच्या सुरुवातीला गुणाजी दाखल झाला.

गुणाजी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचा शेतकरी. भाताच्या मळणीत ओझी उचलून उचलून त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया झाला होता. मळणी आटपली, भात घरात आलं, रानात वाल उगवून वर आले, तेव्हा कुठे त्याला स्वतःकडे बघायला सवड झाली. बरोबर बायको कृष्णाबाई. सडसडीत, कमी बोलणारी, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी बाई. घरी लहान मुलगी जावेकडे ठेवून आली होती.

"दादा, आठवड्यात घरी जाल," शकूनं ऑपरेशनच्या आधी गुणाजीला सांगितलं. खोटं नव्हतं ते. अंतर्गळाचं ऑपरेशन म्हणजे उकिडव्यांच्या हातचा मळ.

"आठवड्यात नको गो सिस्टर," गुणाजी हसला. "लगनापासून पयल्यांदा निजायला मिळालंय. पंधरा दिस तरी ठेवा."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी गुणाजीचं पोट फुगलं. वारा सरेना. शकूनं त्याच्या पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं लागलं. अंगात ताप होता. दुपारपासून उचक्या सुरू झाल्या आणि नाडी पळू लागली. तिनं जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते लगेच आले, पोट दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. शकूनं तो पाहिला. डॉक्टरांनाही कळलं होतं, हे तिला कळलं. आत कुठेतरी आतड्याला इजा झाली होती.

खोलीबाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, मुंबईला पाठवूया का?"

"घाई करू नको," डॉक्टर म्हणाले. "उद्यापर्यंत वाट बघू. कधी कधी आपोआप निवळतं. मुंबईला पाठवलं की ते पहिला प्रश्न विचारतील, कुणी केलं ऑपरेशन."

हॉस्पिटलवर आणखी एक मजला बांधून होत आला होता. पुढच्याच महिन्यात त्याचं उद्घाटन होतं.

पण कृष्णाबाई वाट बघणाऱ्यांतली नव्हती. तिनं गावातल्या एका जीपवाल्याला निरोप धाडला होता. सकाळी जीप हॉस्पिटलच्या दारात येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर तिनं गोधडी अंथरली, पाण्याची कळशी ठेवली, आणि वर येऊन म्हणाली, "मी याला मुंबईला नेतंय."

डॉक्टरांनी समजावलं. ती म्हणाली, "तुमी काय म्हनता ते मला कळत नाय, पन याचा चेहरा मला कळतो."

डॉक्टर केबिनमध्ये गेले आणि त्यांनी शकूला बोलावलं.

"थांबव तिला. तुझंच ऐकेल ती."

"सर, पण नाडी..."

"नाडी मी बघतोय. रस्त्यात काही झालं तर? वडखळच्या फाट्यावर अडकली गाडी तर? तिथं कोण बघणार त्याला? इथं निदान सलाईन आहे, मी आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शकू, तू अशा वेळी किती मोठं काम करतेस, हे मला माहीत आहे."

शकूच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. रस्त्यात माणूस दगावू शकतो, हेही खरं होतं. त्याला न्यायलाच हवं, हे त्याहून खरं होतं. ती बाहेर आली. कृष्णाबाई बाकड्यावर पदर खोचून बसली होती. शकू तिच्या शेजारी बसली. पुढे काय काय झालं, ते शकूला जन्मभर शब्दन् शब्द पाठ राहिलं.

तिनं आधी कृष्णाबाईचा हात हातात घेतला. तो गार होता.

"वयनी, घाबरलाव ना?"

"व्हय."

"वाटतंय, इथं बसून उगाच येळ चाललाय."

कृष्णाबाईनं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. शकूनं ते येऊ दिलं.

"एकटीच्या डोक्यावर सगळं आलंय. पोरगी तिकडं, नवरा इकडं."

"व्हय गो," कृष्णाबाई म्हणाली आणि तिचा कणा थोडा सैल झाला. शकूच्या हाताला तो सैलपणा जाणवला. पायाला कोमट पाणी लागल्यावर माणूस असाच सैल होतो.

"रस्ता खराब हाय, वयनी. खड्ड्यांनी टाके तुटले तर? आजचा दिवस जाऊ दे. मी हाय ना इथं. मी त्यांच्याजवळनं हलणार नाय."

कृष्णाबाईनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुझा भाऊस असता तर तू काय केलं असतंस?"

हा प्रश्न शकूनं अपेक्षिला नव्हता. पण जीभ सवयीनं चालली.

"ठेवला असता," ती म्हणाली.

कृष्णाबाई उठली, जिन्यावरून खाली गेली, आणि जीपवाल्याला म्हणाली, "जा तू. सिस्टर बोलते, ऱ्हावा." गोधडी तिनं परत वर आणली.

शकूनं दिलेला शब्द पाळला. गुणाजीजवळून ती हलली नाही. संध्याकाळी त्याला हिरवी उलटी झाली. डॉक्टर धावपळ करू लागले, आता त्यांनी स्वतःच ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण ती येईपर्यंत गुणाजीचे हातपाय गार पडले होते. जाताना तो शुद्धीवर होता. शकूकडे बघून त्यानं काहीतरी विचारलं, पण उचकीत शब्द तुटला. शकूनं "व्हय दादा" म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते तिला कधीच कळलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. कृष्णाबाईनं ऐकून घेतलं. माणसं आली, गुणाजीला न्यायची तयारी झाली. निघताना कृष्णाबाई शकूजवळ आली आणि वाकून तिच्या पायाला हात लावू लागली. शकू मागे सरली.

"नको गो वयनी!"

"लावू दे. तू व्हतीस म्हनून तो घाबरला नाय," कृष्णाबाई म्हणाली. "नायतर असा माणूस परक्या जागी एकटा मरतो."

त्यानंतर शकू कामावर जात राहिली. नव्या मजल्याचं उद्घाटन झालं, तिनं केसांत गजरा माळून आलेल्यांना पेढे वाटले. पण कुणाशी बोलायला बसली की तिला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. पूर्वी कधी आला नव्हता. "घाबरलाव ना?" असं म्हणताना तिला वाटायचं, हे कुणी दुसरीच बोलते आहे आणि त्या दुसरीला पुढचं वाक्य आधीच माहीत आहे.

उन्हाळा लागला तशी एक दिवस गावाकडची बाई हॉस्पिटलात आली आणि तिनं शकूच्या हातात एक पिशवी ठेवली. आत कडवे वाल होते, निवडून, पाखडून. "कृष्णाबायनं धाडल्यात. म्हनली, गुणाजीच्या रानातले पयले वाल सिस्टरला दे."

शकूनं ते वाल घरी नेले. शिजवले नाहीत. पुंडलिकनं विचारलं तेव्हा तिनं पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"कुणाला बोललीस का हे?"

"नाय."

"मग बोलू नको," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

पण पुढच्या सुट्टीला ती एसटीनं त्या गावी गेली. कृष्णाबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. शकूला पाहून तिचा चेहरा फुलला. हात धुऊन तिनं चहा टाकला, मुलीला हाक मारून म्हणाली, "ही बघ, मी सांगतंय ना ती सिस्टर." मुलगी दारामागे लपली.

शकूनं मुलीला बाहेर खेळायला पाठवायला सांगितलं. मग बसली. या वेळी तिनं कृष्णाबाईचा हात धरला नाही. सरळ सांगितलं. पोट कडक झालं होतं, मला कळलं होतं, डॉक्टरांनाही कळलं होतं. मुंबईला नेला असता तर कदाचित वाचला असता. मला तुला थांबवायला सांगितलं आणि मी थांबवलं.

चूल धुमसत होती. कृष्णाबाईनं फुंकणी उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"मग आता कशाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"राहवलं नाय, वयनी."

"व्हय. तुला राहवलं नाय." कृष्णाबाईचा आवाज चढला नाही. "त्या दिशी राहवलं व्हतं."

कृष्णाबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"इतके दिस मी लोकांना सांगत व्हते, देवानं नेला. तेवढाच त्याचा तांदूळ व्हता, म्हनून संपला. मला झोप लागत व्हती. आता मी काय सांगू? जीप कोनी माघारी धाडली? मीच ना? माझ्या या तोंडानं. त्याचं मरण तू उचललंस नि माझ्या मांडीवर आणून ठेवलंस, सिस्टर. नि तू आता हलकी होऊन एसटीत बसशील."

"मी साक्ष देते," शकू म्हणाली. "आपण तक्रार करू. मी सगळं सांगते."

कृष्णाबाई तेव्हा हसली. ते हसू शकूला रडण्याहून वाईट वाटलं.

"नि उद्या या पोरीला ताप आला तर कुठं नेऊ? हाय दुसरा डॉक्टर इथं? जावेचं बाळंतपन जेठात हाय, त्याच हॉस्पिटलात नाव घातलंय." ती उठली. चहाचं भांडं चुलीवरून उतरवून तिनं बाजूला ठेवलं. कपात ओतलं नाही. "जा तू. एसटी चुकंल."

दुसऱ्या दिवशी शकू डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "मी गुणाजीच्या बायकोला खरं सांगून आले."

डॉक्टर उकिडवे रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काय म्हणाली ती?"

"तक्रार करणार नाही म्हणाली."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. "तू दमली आहेस, शकू. तू कुणाशी खोटं बोललीस का? तू धीर दिलास. धीर देणं हे नर्सचं काम आहे. थोडे दिवस सुट्टी घे."

शकूनं सुट्टी घेतली नाही, नोकरी सोडली. पुंडलिकनं घर डोक्यावर घेतलं. त्याच्या कंपनीतल्या माणसांवर उकिडव्यांकडे उपचार होत; डॉक्टर त्याला नावानं ओळखायचे, त्याचा त्याला मान होता. "मेलेल्या माणसासाठी जितं घर मोडतेस," तो म्हणाला. "ती बाई तरी तुझ्या बाजूनं हाय का? नाय ना? मग कोणासाठी?" त्याचं बरोबर होतं, हे शकूला कळत होतं. ती पेणला निघून आली. पुंडलिक आधी दर रविवारी यायचा, मग गणपतीला, मग येईनासा झाला.

पेणला तिनं कासार आळीत खोली घेतली. समोर गणपतीचा कारखाना होता. वर्षभर शाडूचा वास आणि उन्हात वाळत ठेवलेल्या बिनरंगाच्या मूर्ती. एका खाजगी हॉस्पिटलात तिला काम मिळालं. तिथं कुणाला माहीत नव्हतं की हिच्या बोलण्यानं माणसं बरी होतात. शकूनंही ते कळू दिलं नाही. ती वेळेवर औषध द्यायची, स्वच्छ ड्रेसिंग करायची, चादरी बदलायची. कुणी "बरं वाटंल ना?" विचारलं की म्हणायची, "डॉक्टरांना विचारा." लोकांनी तिला नाव ठेवलं, घुमी सिस्टर.

महिपतीचं वय झालं होतं. एकदा तो तिच्या खोलीवर राहायला आला. संध्याकाळी तिनं सवयीनं त्याचे पाय धुवायला घेतले. पूर्ण पाय धुऊन झाले तरी ती काही बोलली नाही.

"काय झायलं गो?" बापानं विचारलं. "मिठागरानं माझे पाय खाल्ले. तुझी जीभ कोनी खाल्ली?"

तिनं पाणी मोरीत ओतलं आणि जेवायला वाढलं.

अठ्ठ्याण्णव साली पेणच्या एका हॉलमध्ये नर्सेससाठी शिबिर झालं. विषय होता रुग्णाशी संवाद. हॉस्पिटलनं सगळ्या सिस्टरांना पाठवलं. प्रमुख पाहुण्याचं नाव शकूला तिथं गेल्यावर कळलं. रोह्याचे डॉ. उकिडवे.

डॉक्टरांचे केस आता पिकले होते आणि ते बोलायला शिकले होते. सोप्या मराठीत, थांबत थांबत, हसवत बोलले. "औषधाइतकाच शब्द महत्त्वाचा," ते म्हणाले. "माझ्याकडे एक सिस्टर होत्या. खाडीकाठच्या. शिक्षण बेताचं, पण नातेवाइकांनी कितीही गोंधळ घातला, तरी त्या शेजारी जाऊन बसल्या की पाच मिनिटांत माणूस शांत. कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणी नाही. त्या फक्त ऐकायच्या." बायका माना डोलावत होत्या. शेजारच्या सिस्टरनं वहीत लिहून घेतलं: फक्त ऐकणे.

शकू उभी राहिली.

"सर, ती सिस्टर मी."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी तिला ओळखलं, हे त्यांच्या झटकन वळलेल्या मानेवरून कळलं. टाळ्या थांबेपर्यंत शकू उभीच राहिली.

"तो माणूस शांत कशासाठी करायचा, ते पण सांगा," ती म्हणाली. "गुणाजीची बायको जीप घेऊन आली होती. तिला मी शांत केलं. तो मेला. त्याला मुंबईला न्यायला पाहिजे होतं, ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला शांत करता आलं."

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. आयोजकांपैकी एकजण उठला. डॉक्टरांनी हातानं त्याला बसवलं, माईक सोडला आणि स्टेजवरून खाली उतरले. दोन रांगांमधून चालत शकूपर्यंत आले. तिच्याशेजारच्या सिस्टरला त्यांनी उठायची खूण केली आणि त्या खुर्चीवर बसले.

"शकूताई," ते हळू म्हणाले, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "एवढी वर्षं तुम्ही हे मनात ठेवलंत."

शकूनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"एकटीनं वाहिलंत सगळं. किती त्रास झाला असेल."

तिला कळत होतं डॉक्टर काय करताहेत. एकेक पायरी ओळखीची होती. ते बसले होते, तिचाच शब्द तिच्या हातात देत होते, घाई करत नव्हते. तिला ओरडून सांगायचं होतं, हे बघा, हेच ते. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि रडणाऱ्या बाईचं म्हणणं कोण ऐकतो? तिचा कणा सैल झाला. ती खाली बसली.

"पाणी द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. मग उठून सगळ्यांकडे वळले. "आपल्या व्यवसायात पेशंट दगावल्याचं दुःख नर्सच्या मनात किती खोल जातं, हे आज तुम्ही पाहिलंत. स्वतःला दोष देत बसतात. त्यांच्याशी कोण बोलणार? यावरही आपण बोललं पाहिजे."

टाळ्या पुन्हा पडल्या, आधीपेक्षा जास्त. एका बाईनं पदरानं डोळे पुसले. कुणीतरी शकूच्या पाठीवरून हात फिरवत होतं. चहा आला. चहाच्या वेळी निदान पाचसहा जणी तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "ताई, मन घट्ट करा." गुणाजी कोण, त्याला काय झालं होतं, हे एकीनंही विचारलं नाही.

पेणच्या हॉस्पिटलात गोष्ट पोचली. मालकांनी तिला बोलावून सहानुभूतीनं विचारपूस केली. काढलं नाही. पण त्यानंतर शकू बदलली होती, आणि ते त्यांना झेपेना. "डॉक्टरांना विचारा" म्हणून ती आता थांबत नसे. नातेवाइकाला घेऊन स्वतः डॉक्टरांपुढे जायची आणि उभी राहायची. "यांना विचारायचंय, पोटात पाणी कशामुळे झालं. सांगा." डॉक्टर काहीतरी मोघम बोलले की ती हलायची नाही. "त्यांना कळलं नाही, सर. परत सांगा." डॉक्टर वैतागायचे, आणि नातेवाईकही अवघडायचे. मोठ्या माणसासमोर उभं राहून प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांना सिस्टरकडून दोन गोड शब्द हवे असत. "ही बाई आमाला डाक्टरशी भांडायला लावते," एका मिठागरवाल्यानं तक्रार केली. एका मुलाच्या आईनं तर हात जोडून सांगितलं, "आमच्या खाटंवर दुसरी सिस्टर द्या. हिच्या तोंडात साखर नाय."

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात तिची ड्युटी बदलली. मागच्या बाजूला, ऑपरेशनची हत्यारं उकळून निर्जंतुक करायची खोली होती. खिडकीला जाळी, दाराला पडदा, आणि आत दिवसभर वाफ. पेशंट तिकडे येत नसत, नातेवाईकही नाहीत. शकू सकाळी जायची, कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुऊन फडक्यात बांधायची, भांड्यात रचायची, झाकण लावायची. काम ती चोख करायची. तिच्या हातची हत्यारं अस्वच्छ म्हणून कधी परत आली नाहीत. पडद्यापलीकडून नव्या सिस्टरचा आवाज यायचा, मऊ, हळू, कुणाला तरी समजावणारा. शकू तेव्हा नळ जोरात सोडायची.